बंद केलं तेव्हा चालू होतं: अप्पांच्या क्लासमधला जुना माल विकतानाच्या नोंदी

अप्पा माझे चुलते. सांगलीत खणभागात त्यांचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास १९८७ ते २००९ चालला. क्लास बंद झाला तरी सामान तिथंच राहिलं, कारण जागा घरचीच होती. आता इमारत पाडायची ठरलीय आणि दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करून द्यायच्यात. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, पण त्यातलं बरंच विसरलोय. असाच जुना माल कुणाच्या गळ्यात पडला असेल तर त्यांच्या कामाला येईल म्हणून हे लिहून ठेवतोय.

१४ जून

कुलूप गंजलेलं. किल्ली फिरेना, शेवटी हॅक्सॉनं कापलं.

मोजदाद: ३८६ आणि ४८६चे (जुन्या प्रोसेसरचे कॉम्प्युटर) डबे १४, एकरंगी मॉनिटर ९, डॉट मॅट्रिक्स (पिना आपटून छापणारे) प्रिंटर ५, कीबोर्ड ३१, नेटवर्क कार्डांचं एक खोकं, फ्लॉपींची पत्र्याची ट्रंक, दोन पोती वायरी. त्याशिवाय दोन युनिकॉर्न आणि एक स्पेक्ट्रम, हे ऐंशीच्या दशकातले छोटे कॉम्प्युटर. खालच्या खोलीतल्या मालाला २०१९च्या पुराचं पाणी लागलेलं आहे. वरच्या खोलीतला कोरडा राहिला. दोन्ही ढीग वेगळे ठेवायचे हे त्याच दिवशी ठरवलं. ठरवलं, पण पाळलं नाही. ते पुढं येईलच.

अप्पांचं वय चौऱ्याहत्तर. खुर्चीत बसून प्रत्येक वस्तूकडं बोट करून ते एकच सांगत होते, "चालू आहे."

"कशावरून, अप्पा?"

"बंद केलं तेव्हा चालू होतं."

कोपऱ्यावरचा भंगारवाला येऊन बघून गेला. सगळं मिळून पावणेचारशे-चारशे किलो भरेल म्हणाला, सरसकट पंचेचाळीस रुपये किलो, आणि मॉनिटर फुकट देत असाल तर उचलतो. जाता जाता हळूच, "ह्यात सोनं निघतंय म्हणं?" निघतं, पण नखाएवढं. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिनांना मुलामा असतो, आणि ज्याला सगळ्यात जास्त भाव आहे तो १९९५चा पेंटियम प्रो आमच्याकडं एकही नाही. घरात ॲसिड घेऊन कुणी हा उद्योग करू नये एवढंच सांगतो.

साधारण सतरा-अठरा हजार भंगारात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

१६ जून

पहिलाच सौदा आणि पहिलीच चूक.

कीबोर्डांच्या ढिगात एक आयबीएमचा होता, विटेसारखा जड. मागच्या लेबलवर १९८९ची तारीख. गल्लीतला इंजिनिअरिंगचा पोरगा बघायला आला. "भावा, हा मला दे, पाचशे देतो." मला वाटलं कीबोर्डाचे पाचशे म्हणजे लॉटरीच. दिला. चार दिवसांनी त्यानंच तो साडेआठ हजाराला विकायला लावलेला दिसला.

तो मॉडेल एम होता. प्रत्येक बटणाखाली एक वाकणारी स्प्रिंग असते, दाबली की खटकन वाकते आणि बोटाला कळतं की अक्षर उमटलं. अशा कीबोर्डांसाठी वेडी असलेली माणसं आहेत आणि त्यांच्याकडं पैसेही आहेत. पोरावर राग नाही. त्यानं लेबल वाचलं, मी वजन केलं.

त्या दिवसापासून नियम: वस्तूचं मागचं लेबल, मॉडेल नंबर आणि आतल्या बोर्डावरचा नंबर वहीत उतरल्याशिवाय ती कुणाला दाखवायचीसुद्धा नाही.

२३ जून

आठ दिवस फक्त डबे उघडले. वीज लावली नाही, हे एक शहाणपण.

३८६-४८६च्या बोर्डांवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची निळी, पिंपासारखी बॅटरी असते. चौदापैकी नऊ बोर्डांवर ती फुटून हिरवट बुरशीसारखं पसरलेलं. ते ॲसिड नाही, अल्कली आहे. म्हणून आधी पांढरा व्हिनेगर, मग साधं पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मी पहिल्या बोर्डाला सोड्याचं पाणी लावलं, कारण ‘बॅटरी म्हणजे ॲसिड’ एवढंच डोक्यात बसलेलं. काही उपयोग झाला नाही, एक संध्याकाळ गेली.

ही बॅटरी बहुतेक बोर्डांवर कीबोर्डाच्या गोल सॉकेटशेजारीच बसवलेली असते. त्यामुळं पहिल्यांदा त्या सॉकेटच्या रेषा खाल्ल्या जातात. मशीन उठतं, मेमरी मोजतं आणि ‘कीबोर्ड एरर’ सांगून थांबतं. कीबोर्ड मात्र ठणठणीत असतो! हे कळेपर्यंत मी तीन कीबोर्ड बदलून बसलो होतो.

नऊपैकी दोन बोर्ड दुरुस्त केले. कुजलेल्या रेषेवर सोल्डर धरत नाही, ब्लेडनं तांबं लखलखीत होईपर्यंत खरवडावं लागतं आणि वरून केसासारखी बारीक वायर टाकावी लागते. एका बोर्डाला सहा तास. तिसरा हातात घेतला आणि खाली ठेवला. अडीच-तीन हजारांच्या वस्तूसाठी दोन रविवार घालायचे नाहीत. दोन तर पार कुजलेले. पाच बोर्ड ‘बंद, बॅटरीनं खाल्लेले’ असं स्वच्छ लिहून एका लॉटात दीड हजाराला काढले. दुरुस्तीचा नाद असणाऱ्या एकानं दुसऱ्याच दिवशी घेतले.

ज्यांच्याकडं असे बोर्ड पडून आहेत त्यांनी विकायचे असोत नसोत, आज उठून ती निळी बॅटरी कापून टाका.

३० जून

युनिकॉर्न. ह्या नावावर अप्पांचा फार जीव. १९८४च्या सुमाराला सरकारनं शाळांत संगणक शिकवायचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला, त्यासाठी एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश मशीन निवडलं. तेच मशीन पुढं सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं भारतात ‘एससीएल युनिकॉर्न’ नावानं काढलं. ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर. अप्पांनी दोन मशीन एका शाळेच्या लिलावात घेतली होती.

मी वायर लावून बटण दाबलं. खोल ‘बूऽ’ आणि लगेच वरच्या पट्टीत ‘बीप’. मागच्या व्हिडिओच्या गोल सॉकेटमधून घरातल्या टीव्हीला जोड दिली होती, आपल्याकडं आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडं पाल पद्धत असल्यानं चित्र थेट आलं. काळ्या पडद्यावर ‘बेसिक’ आणि खाली > चिन्ह. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, बोलले काहीच नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

पंधरा-वीस मिनिटांनी फट्ट. डाव्या बाजूच्या फटींतून पिवळट धूर, असा उग्र वास की जिन्यावर माणसं जमली. मेन स्विच बंद केला. गंमत म्हणजे धूर निघत होता तेव्हाही पडद्यावरचा कर्सर लुकलुकतच होता.

पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या दोन तारांवर बसवलेला फिल्टर कपॅसिटर गेला होता. त्या काळातल्या ह्या कपॅसिटरांत धातू चढवलेला कागद असतो. वरच्या पारदर्शक कवचाला वर्षानुवर्षांनी बारीक तडे जातात, कागद हवेतला ओलावा पितो, आणि एक दिवस वीज लागली की असा फुटतो. चाळीस वर्षांच्या वस्तूला दोष काय द्यायचा! दोष माझा. सप्लायचं झाकण उघडून पाहिलं असतं तर तडे नुसत्या डोळ्यांना दिसले असते.

बदलायचे दोन: ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड. दुकानदार ‘चारशे व्होल्टचा आहे, चालतंय की’ म्हणून साधा हातात ठेवेल. घेऊ नका. त्यावर ‘एक्स-टू’ लिहिलेलंच असलं पाहिजे, कारण मेन्सवर बसायला तोच बनवलेला असतो. मला दोन्ही मशीनचे चार मागवून घ्यावे लागले, १८० रुपये. त्या १८० रुपयांसाठी मी एक धूर आणि शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली.

दुसरं मशीन ‘बूऽऽऽ’ करून तसंच वाजत राहतं, बीप येतच नाही. म्हणजे प्रोसेसर पुढं सरकत नाहीये. तिथं थांबलो. ते सुट्या भागांसाठी म्हणून विकायचं.

७ जुलै

आज विकण्याबद्दल, कारण पंधरा दिवसांत हीच अक्कल आली.

मी जाहिरातीत लिहीत होतो, ‘चेक केलेलं नाही, जसं आहे तसं’. मला हे प्रामाणिक वाटत होतं. घेणारा ते असं वाचतो: बंद आहे आणि हा लबाड आहे. मग भाव बंद वस्तूचाच येतो. ‘चालू’ लिहिलं तर प्रत्येकाच्या डोक्यातलं ‘चालू’ वेगळं. अप्पांचं तर २००९मधलं.

म्हणून वहीत चार शब्द ठरवले. ‘चालू’ म्हणजे आजच्या तारखेला अर्धा तास चाललं आणि त्याचा व्हिडिओ आहे. ‘उठतं’ म्हणजे वीज घेतं, पडद्यावर काहीतरी येतं, त्यापुढची हमी नाही. ‘बंद’ म्हणजे बंद. ‘बघता आलं नाही’ लिहिलं तर का, तेही लिहायचं: केबल नाही, पडदा नाही, फ्लॉपी नाही.

व्हिडिओ काढताना बाजूला त्या दिवशीचा पेपर ठेवतो आणि कॅमेरा मध्ये बंद करत नाही. पुण्याच्या एका गिऱ्हाईकानं ही अट घातली होती. पन्नाशीतला माणूस, शाळेत असताना ह्याच मशीनवर शिकलेला. त्यानं चालू युनिकॉर्न २२ हजाराला घेतलं आणि बंद पडलेलंही भागांसाठी ९ हजाराला नेलं. स्वतः गाडी घेऊन आला. कपॅसिटर फुटल्याचं मी आधीच सांगितलं होतं, जळका कपॅसिटर पिशवीत घालून दिला. तो म्हणाला, "बदललाय म्हणून तर घेतोय. न फुटलेलं असतं तर मला भीती वाटली असती."

उलट अनुभवही याच आठवड्यातला. ‘मी सैन्यात आहे, माणूस पाठवून माल उचलतो, पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा.’ क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. फोन ठेवला.

१२ जुलै

स्पेक्ट्रमचा दिवस. वाईट दिवस.

आमचा स्पेक्ट्रम प्लस पुण्याच्या डेसिबेल्सचा, ऐंशीच्या दशकात सिंक्लेअरचं मशीन तेच आपल्याकडं विकत होते. ४८ केबी, झेड-८० प्रोसेसर. मूळ ॲडॅप्टर सापडला नाही. ९ व्होल्टचा दुसरा घरात होता, पिन बसली, लावला.

स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला टोक ऋण असतो. बाजारातल्या बहुतेक ॲडॅप्टरांत मधला धन. पिन दोन्हीची सारखीच बसते आणि आत उलट्या विजेला अडवणारं काही नाही.

पडद्यावर खाली सिंक्लेअरची १९८२ची ओळ यायला हवी होती. त्याऐवजी काळ्या-पांढऱ्या चौकटी. मीटर लावून बघितलं. ह्यात खालच्या १६ केबीच्या मेमरीला तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात, अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. त्यातली अधिक १२ आणि उणे ५ तयार करणारा ट्रान्झिस्टर मेला आणि जाताना मेमरीची एक चिपही घेऊन गेला. शिवाय बटणांखालचा प्लास्टिकचा पापुद्रा काढताना कडक पापडासारखा तुटला, तो मात्र वयानं, माझ्यामुळं नाही. चिप, ट्रान्झिस्टर आणि नवा पापुद्रा मिळून ९४० रुपये, शिवाय मधला टोक ऋण असलेला ॲडॅप्टर ३५०. बावीस दिवस वाट बघितली. नंतर ८,५००ला गेला, ‘मेमरीची एक चिप आणि एक ट्रान्झिस्टर मी जाळून पुन्हा बदललेत’ असं लिहून. त्यावर एकानंही भाव पाडला नाही. हसले मात्र बरेच.

२१ जुलै

चार दिवस नुसता पाऊस. कृष्णेचं पाणी चढतंय म्हटल्यावर खणभागात सगळ्यांचे कान आयर्विन पुलाच्या पातळीकडं. २०१९ला तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. खालचा सगळा माल वर चढवला. काम शून्य.

फ्लॉपींची ट्रंक उघडली, आत बुरशी. सव्वापाच इंचीच्या लांबट खिडकीतून चकतीवर पांढरे ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा खरवडली जाते. मी हे वाचलं होतं. तरी ‘एकच बघू’ म्हणून घातली. एक ड्राइव्ह गेला.

हार्डडिस्क कुणालाही द्यायच्या नाहीत असं ठरवलं. एकीवर क्लासच्या मुलांची फीची यादी आणि दुसरीवर कुठल्याशा पतसंस्थेची खाती निघाली. अप्पा त्यांचं जॉबवर्क करायचे म्हणे. डिस्क फोडल्या.

४ ऑगस्ट

सगळ्यात सोपे पैसे जिथं मी रोज बसतो तिथंच निघाले.

यार्डात हळदीची, बेदाण्याची पट्टी अजून तीन प्रतींत लागते: शेतकऱ्याला एक, खरेदीदाराला एक, दुकानात एक. खाली कार्बन असला तर लेझर प्रिंटर काय करणार? पिना आपटणाराच लागतो. पाच प्रिंटरांपैकी तीन टीव्हीएसचे, ते प्रत्येकी ३,५००ला तीन दुकानांत गेले. एका मुनीमजींनी तर आवाज ऐकूनच ओळखलं, "चांगलाय, हेड खरखरत नाही."

हेड तपासायची पद्धत: सेल्फ टेस्ट चालवायची. छापलेल्या अक्षरांच्या मधून सगळीकडं एकाच उंचीवर पांढरी रेघ गेली तर ती पिन तुटलीय किंवा अडकलीय. एका प्रिंटरची मी स्वतः अडकवली. वाळलेल्या रिबनीवर स्टॅम्पपॅडची शाई सोडली. छपाई दोन दिवस झकास, तिसऱ्या दिवशी पिना चिकटल्या. रिबनीची शाई तेलकट असते, पिनांना तिचंच वंगण मिळतं. स्टॅम्पपॅडची शाई पाण्यातली. हेड अल्कोहोलमध्ये बुडवून सुटं केलं, पण दोन पिना गेल्या त्या गेल्याच.

जोडणीत दोन तास गेले ते वेगळेच. नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट, म्हणजे जुन्या प्रिंटरचं सॉकेट, नसतो, ४५०ची यूएसबी केबल घ्यावी लागते. दुकानाचं सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं, त्याला एलपीटी-वन ह्या पॅरलल पोर्टशिवाय जगात काही असतं हेच माहीत नाही. मग प्रिंटर ‘शेअर’ करायचा आणि ‘नेट यूज’ कमांडनं एलपीटी-वनला त्या शेअरशी जोडायचं. तीन केबली माझ्या खिशातून गेल्या, कारण भाव ठरवताना मी त्यांचा विचारच केला नव्हता.

याच आठवड्यात क्लिक वाजणारे टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड सहा, १,४००नं, पुण्यातल्या सॉफ्टवेअरच्या पोरांना. नेटवर्क कार्डं बारा, ४,८००. ही बीएनसीवाली (पिळून बसणाऱ्या गोल जोडणीची) कार्डं, क्लासमध्ये मशीनना डिस्कच नसायची, कार्डावरच्या चिपवरून सर्व्हरकडं बघून उठायची. काळी केबल आणि तिचं टोक बंद करायला ५० ओहमचा टर्मिनेटर. कुणी एकानं पायानं टर्मिनेटर काढला की अख्खा वर्ग आडवा, अप्पा सांगतात.

१८ ऑगस्ट

दोन ढीग वेगळे ठेवायचं म्हणालो होतो. खालचा माल वर चढवला त्या गडबडीत ते मिसळले.

एक साउंड कार्ड नागपूरला २,६००ला गेलं. माझ्याकडं वाजत होतं, व्हिडिओही होता. दहा दिवसांत बंद पडलं. गिऱ्हाईकानं फोटो पाठवला: स्लॉटच्या धातूच्या पट्टीमागं, चिपच्या पायांखाली करड्या गाळाची बारीक रेघ. कृष्णेचा गाळ मला वासावरूनही कळतो, फोटोवरून तर कळलाच. पाणी ओसरून पाच वर्षं झाली असली तरी पायांखाली गाळ राहिला की पावसाळ्यात तो दमट होतो आणि आतल्या आत गंज धरतो.

पैसे परत, वर परत मागवायचे ३८०. त्यानं वाद घातला नाही, फक्त एवढंच लिहिलं, "पुराचं आहे हे लिहायला हवं होतं, दादा." यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता प्रत्येक वस्तूवर खडूची खूण: वरची की खालची. खालच्या प्रत्येक वस्तूच्या वर्णनात पहिलं वाक्य ‘२०१९च्या पुरात भिजलेलं’.

१ सप्टेंबर

एका हौशी माणसाला हिरव्या अक्षरांचा मॉनिटर हवा होता, २,५००. पाठवणीचे मी अंदाजानं ६५० सांगितले. मॉनिटर ११ किलोचा, पण खोकं ५० बाय ४८ बाय ४८ सेंटिमीटर. कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची गुणून ५,०००नं भागतात, ते आलं २३ किलोच्या वर, त्यांनी धरलं २४. किलोला ७० प्रमाणे १,६८०. वरचे १,०३० माझे.

आणि पोचला तो फुटून. पडद्याची काच शाबूत, मागची बारीक मान मोडलेली. सगळे पैसे परत केले, पाठवणीचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मिरजेत काम होतं, सतारमेकर गल्लीत ओळखीच्या कारागिरांकडं चहाला बसलो आणि रडगाणं गायलं. ते सतारी लांब लांब पाठवतात. भोपळा मॉनिटरपेक्षा नाजूक. त्यांनी माझं खोकं कसं भरलं होतं ते विचारलं आणि हसले. "तुम्ही वस्तू दाबून बसवली. ती खोक्याला टेकली की खोक्याला बसलेला दणका तिलाच बसतो. मधे चार बोटं जागा पाहिजे, चहूकडून, आणि ती भरलेली पाहिजे." मग खोक्यात खोकं. शेवटी दोन्ही हातांनी उचलून हलवायचं, आतून आवाज आला तर परत उघडायचं. मॉनिटरचा पडदा खाली तोंड करून ठेवायचा हे मला आधीच ठाऊक होतं, पण कुरिअरच्या गाडीत तो तसाच राहील हे कुणी सांगावं. त्यानंतर मॉनिटर पाठवणं बंद. बाकीचा माल त्यांच्या पद्धतीनं भरला, एकही फुटला नाही. खोकी आणि फोमला एकूण ३,२०० गेले.

गणपतीत काही केलं नाही.

६ ऑक्टोबर

पिवळे पडलेले डबे पांढरे करायचा प्रयोग. सलूनवाले वापरतात ते ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, फासून वरून पातळ प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवायचं. ऑक्टोबरचं ऊन फुकट होतं, क्रीमला ४८० पडले. प्लास्टिकला जिथं सुरकुत्या होत्या तिथं क्रीम वाळलं, आणि ४८६च्या दर्शनी पट्टीवर संगमरवरासारख्या रेघा उमटल्या. त्या जात नाहीत. पिवळा डबा २,८००ला जात होता, रेघांचा कुणी बघेना. गिऱ्हाईकाला जुनं जुन्यासारखंच हवं असतं. मी मधेच शहाणपणा केला.

पिवळे चार मात्र २,८००नं गेले.

१३ ऑक्टोबर

नेटवर्क कार्डांच्या खोक्याच्या तळाशी एक लांब कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. सी-डॅक ह्या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड. पुण्यात सी-डॅक १९८८ला सुरू झालं, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम तिथं पुढं वाढलं. युनिकोड नव्हतं तेव्हा हे कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसवर देवनागरी उमटायची, भारतीय लिप्यांसाठी १९९१ला ठरलेल्या इस्की मानकानं. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डावरच्या अक्षरांची मांडणीही त्याच काळातली, आजही फोनमध्ये आहे.

त्याची फ्लॉपी ट्रंकेतच होती, बुरशीची. ह्या वेळी घाई केली नाही. पाकीट कापलं, चकती बाहेर काढून अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसल्या, नव्या पाकिटात घातली. तिसऱ्या खेपेला वाचली गेली. वाचली तशी आधी तिची प्रत काढली.

अप्पांनी खुर्ची ओढली. चष्मा कपाळावर चढवला, कीबोर्डाकडं न बघता चार-पाच बटणं दाबली. पडद्यावर ‘सांगली’. मग ‘वेलांटी पहिली की दुसरी’ असं स्वतःशीच म्हणत ‘शीघ्र’ लिहिलं. ९०च्या दशकात लग्नपत्रिकांचा मजकूर ते ह्यावरच करायचे.

बेंगळुरूच्या एका संग्राहकानं सहा हजार सांगितले होते. मी अप्पांना आकडा सांगितला.

"हे चालू आहे," ते म्हणाले. "चालू वस्तू कशाला विकायची?"

कार्ड आणि एक ३८६ त्यांच्या घरी गेलं.

२० ऑक्टोबर

आठ मॉनिटर भंगारवाल्याला दिले नाहीत. त्याच्याकडं ते हातोड्यानं फुटतात, आणि त्या जाड काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यानुसार नोंदणी असलेल्या रीसायकलरची गाडी येऊन घेऊन गेली. पैसे मिळाले नाहीत, पावती मिळाली.

हिशेब. आलेले ७६,४००: युनिकॉर्न ३१,०००, बोर्डांसकट डबे ११,२००, प्रिंटर १०,५००, स्पेक्ट्रम ८,५००, टीव्हीएस कीबोर्ड ८,४००, नेटवर्क कार्डं ४,८००, मेलेले बोर्ड १,५००, आणि तो आयबीएमचा ५००. गेलेले ९,९१०, त्यात फुटक्या मॉनिटरचं कुरिअर १,६८०, अल्कोहोल-व्हिनेगर-सोल्डर १,३५० आणि वर लिहिलेलं बाकी सगळं. हातात ६६,४९०. तास वहीत लिहिलेत, २१०. तासाला ३१६ रुपये पडले. भंगारापेक्षा बरे, पण यातले साठ-सत्तर तास तरी माझ्याच चुका निस्तरण्यात गेलेत.

उरलेलं: ४८६चे दोन डबे, एक उठतं, दुसरं चालू पण दर्शनी पट्टीवर रेघा. दोन प्रिंटर बंद, त्यातल्या एकाच्या दोन पिना मी घालवलेल्या. साधे कीबोर्ड चोवीस, त्यातले नऊ पुरात भिजलेले. वायरींची दोन पोती, वरची. रिबनींचे डबे अकरा, शाई वाळलेली आहे. खोली शनिवारी रिकामी करायचीय, ज्यांना हवंय त्यांनी त्याआधी येऊन बघून न्यावं.